साटमांचं इंजिन

ईश्वर साटम आमच्या बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो आणि मी तिसऱ्यावर. तो परळहून इथे आला, मी गिरगावातून, दोघंही एकाच वर्षी. तेव्हा आमच्या या पूनम सागर वसाहतीत संध्याकाळी डास इतके असायचे की बाल्कनीत उभं राहून बोलायची सोय नव्हती. मी पोस्टात कारकून होतो. तो मला पहिल्या दिवसापासून पोस्टमास्तर म्हणत आला आणि मीही कधी त्याची चूक सुधारली नाही.

स्वतःचं काम मात्र त्याने कधी वाढवून सांगितलं नाही. काशीगावात, हायवेच्या अंगाला, जुनी इंजिनं उघडून पुन्हा बांधणारं एक वर्कशॉप आहे. ट्रकची, टेम्पोची, जनरेटरची, उत्तनच्या बोटींची, सगळी इंजिनं तिथे येतात. साटम तिथे एकतीस वर्षं हेडचं काम करत होता. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण. वॉल्व्ह त्यातच असतात आणि डिझेल पेटतं तेही त्याच्याच पोटाखाली. एक दिवस मी सहज वर्कशॉपवर गेलो होतो तेव्हा एका ट्रकचं हेड त्याच्या टेबलावर उलटं पडलं होतं. काजळी जमून काळंठिक्कर. त्याने आधी ती खरवडली, मग पॉलिश पेपर रॉकेलमध्ये भिजवून घासायला बसला. दोन तास मान वर केली नाही. मग वॉल्व्ह बसवून त्या खळग्यांत रॉकेल ओतलं आणि घड्याळ लावून बसला. थेंब खाली पाझरला तर वॉल्व्ह नीट बसला नाही, पुन्हा घासायचा.

"आतले खळगे आरशासारखे करायचे," तो म्हणाला, "म्हणजे काजळी लवकर धरत नाही. पण ही सपाट बाजू, जी इंजिनावर बसते, ती आरसा करायची नाही. इथे मधली पातळ पट्टी, गॅस्केट, दाबून बसते. फार गुळगुळीत केलं तर तिला पकड मिळत नाही. हात लाव."

मी हात फिरवला. मला तर ते गुळगुळीतच लागलं. तो हसला. त्याची बोटं टोकांना गुळगुळीत झाली होती, आधार कार्डाच्या वेळी ठसा उमटेना म्हणून त्याला तीनदा जावं लागलं होतं. पण त्याच बोटांना केसाएवढा चढउतार कळायचा.

त्याची बायको गिरिजा घरी साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. आमच्या विंगमधल्या निम्म्या साड्या तिच्या हातून गेल्या असतील. दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये दोघांनाही कोविड झाला. साटम दहा दिवसांत उठला. गिरिजा एक महिना हॉस्पिटलमध्ये होती आणि परत आली ती फुप्फुसं जळून. डॉक्टरांनी सांगितलं, आता ऑक्सिजन घरीच लावायचा, कायमचा. एक मशीन आलं. ते विजेवर चालतं, खोलीतली हवा ओढून त्यातून ऑक्सिजन काढतं, आणि नळी नाकात. पलंगापासून बाथरूमपर्यंत पुरेल एवढी नळी. गिरिजाचं जग तेवढंच झालं. कुरकुर तिने केली नाही, पण शिलाई मशीन मात्र उचलून द्यायला लावलं. बघवत नाही म्हणाली.

वीज गेली तर काय, हा प्रश्न तेव्हापासून त्या घरात होता. एक ऑक्सिजनचा सिलिंडर भरून ठेवलेला असायचा, पण तो किती पुरणार, फार तर अडीच तास. त्यांची मुलगी रसिका नाशिकला नोकरी करते. ती दर फोनवर म्हणायची, "बाबा, मोठा इन्व्हर्टर घेऊया. मी घेते." साटम म्हणायचा, बघू.

आमच्या इमारतीच्या मागे, पंपाच्या खोलीला लागून, पत्र्याच्या शेडमध्ये सोसायटीचा जनरेटर होता. चार सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे एवढं त्याच्यावर चालायचं. त्याची गॅस्केट जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि तो भंगारात काढायचं घाटत होतं. साटम कमिटीकडे गेला आणि म्हणाला, मला द्या, मी बांधतो, मजुरी नको, फक्त सामानाचं बघा. बदल्यात एकच मागितलं. जनरेटरची एक लाइन माझ्या घरात, गिरिजाच्या मशीनसाठी. कमिटीने आनंदाने हो म्हटलं. नाही म्हणायला काय होतं?

दोन महिने तो त्या शेडमध्ये होता. हेड त्याने काशीगावला नेलं. वर्कशॉपवर हेन्री म्हणून उत्तनचा एक जण इंजिनं आतून कातायच्या बोरिंग मशीनवर आहे, साटमच्याच वयाचा. त्याने मला नंतर सांगितलं की एवढा वेळ साटमने कुठल्याच हेडला दिला नव्हता. "मी बोललो त्याला, अरे हे काय देवळात ठेवायचं हाय काय? ऐकतोय कुठे!"

डिसेंबरात इंजिन चालू झालं. पहिल्याच झटक्याला लागलं. आम्ही दहा-बाराजण शेडबाहेर उभे होतो. साटमने धुराकडे पाहिलं, रेडिएटरचं झाकण उघडून पाण्याकडे पाहिलं, मग इंजिनाच्या अंगावर तळवा ठेवून उभा राहिला. त्या संध्याकाळी रसिकाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. इन्व्हर्टरचा विषय निघाला. साटम म्हणाला, "इन्व्हर्टर कशाला? खाली आपलं इंजिन आहे ना."

इंजिन बांधून झालं म्हणजे काम संपलं असं नसतं, हे मला त्याच्याकडूनच कळलं. नवं बांधलेलं इंजिन तापतं, थंड होतं, पुन्हा तापतं, आणि त्यात गॅस्केट दबत जाते. गॅस्केट दबली की हेडचे बोल्ट सैल पडतात. म्हणून वीसेक तास चालल्यावर हेडचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा ठरलेल्या ताकदीने कसावे लागतात, मधल्यापासून सुरुवात करून बाहेर जात. शिवाय आठवड्याला अर्धा तास तरी इंजिन चालवायचं, आणि रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालायचं नाही, गंज न धरणारं हिरवं पाणी मिळतं ते घालायचं. हे सगळं त्याने एका पुठ्ठ्यावर मराठीत आणि वॉचमनसाठी हिंदीत लिहून शेडमध्ये टांगलं. दर शनिवारी दुपारी दोन वाजता तो स्वतः खाली जाऊन इंजिन चालवायचा.

दुपारी दोन ही आमची झोपायची वेळ. पहिल्या मजल्यावर धूर जायचा. तिथल्या एकीचं बाळ सहा महिन्यांचं होतं. फेब्रुवारीत नवी कमिटी आली, त्यात अभिनव नावाचा पस्तिशीतला मुलगा सेक्रेटरी झाला. चांगला मुलगा. मोबाइलवर सगळे हिशेब ठेवायचा, पाण्याच्या टँकरचा घोळ त्यानेच मिटवला. पहिल्याच मीटिंगमध्ये त्याने विषय काढला.

"काका, वीज गेली की जनरेटर चालतोच आहे की. मग शनिवारी उगाच कशाला? डिझेल जातं, लोकांची तक्रार आहे."

साटम म्हणाला, "उगाच नाही. बंद ठेवलेलं इंजिन खराब होतं."

"पण काका, आजकाल कोण एवढं करतं? मेंटेनन्सवाला बोलावू ना वर्षातून एकदा."

कोणीतरी मागून म्हणालं की शेवटी ते मशीन साटमांच्या घरासाठीच चालतंय. हळू म्हणालं, पण ऐकू गेलं. साटमने मागे वळून पाहिलं नाही. मतं घेतली. शनिवारचं चालवणं बंद करण्याच्या बाजूने बहुतेक सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. माझी त्याच्याशी पंचवीस वर्षांची ओळख, पण मला दुपारची झोप लागते. दुसरं काही कारण माझ्याकडे नव्हतं.

साटमने खिशातून शेडची किल्ली काढली आणि अभिनवच्या समोर टेबलावर ठेवली. "आता तुमचं इंजिन तुम्ही सांभाळा. मी हात लावणार नाही."

"काका, असं काय, तुम्ही चिडताय..."

"चिडलो नाही," असं म्हणून तो निघून गेला.

तो चिडला होता. त्या दिवशी इंजिनावरचा तासांचा मीटर अठरावर होता. वीस झाले की बोल्ट कसायचे हे त्याला माहीत होतं आणि कमिटीतल्या एकालाही माहीत नव्हतं. पुठ्ठ्यावर लिहिलेलं होतं, पण पुठ्ठा कोण वाचतो? मार्च-एप्रिलमध्ये वीज पुष्कळदा गेली. जनरेटर चालला, लिफ्ट चालली, गिरिजाचं मशीन चाललं. साटम कामावर जाता-येता शेडवरून जायचा. जाळीतून मीटर दिसतो. बावीस. सव्वीस. एकतीस. हे सगळे आकडे त्याला आजही पाठ आहेत. गिरिजा त्याला दोनदा म्हणाली होती, "अहो, तेवढे बोल्ट कसून या ना. अर्ध्या तासाचं तर काम." त्याचं उत्तर एकच. "बोलावू देत त्यांना मला."

कोणी बोलावलं नाही.

मे महिन्यातला गुरुवार होता. रसिका आठ दिवसांची रजा काढून आली होती. सकाळी पावणेअकराला वीज गेली. बाहेरच्या रस्त्याचं खोदकाम चालू होतं, त्यात जमिनीखालची केबल तुटली, संध्याकाळशिवाय काही होणार नाही असं लगेचच कळलं. वॉचमनने जनरेटर चालू केला. आठ-दहा मिनिटांत इंजिनाचा आवाज फाटला. मला खिडकीतून पांढरा धूर दिसला. साटम त्या आठवड्यात घरीच होता, लेक आली म्हणून. तो चार मजले जवळजवळ धावत उतरला आणि त्याने इंजिन बंद केलं. मी खाली पोचलो तेव्हा रेडिएटरमधून पाणी उसळून शेडभर झालं होतं.

"हेड सुटलंय," तो म्हणाला. एवढंच. मग माझ्याकडे न बघता, "माझी पेटी आण वरून. दाराच्या मागे आहे."

वर गेलो तर रसिकाने गिरिजाला सिलिंडरवर घेतलं होतं. गिरिजा पलंगावर उशांना टेकून बसली होती. सिलिंडरचा काटा अर्ध्याच्याही खाली होता. मंगळवारी वीज गेली होती तेव्हा डिझेल संपलं होतं, दीड तास सिलिंडर वापरावा लागला होता आणि भरून आणायचा राहिला होता. रसिका फोनवर होती. सिलिंडरवाला म्हणत होता की गाडी निघालीय पण पुलाखाली अडकलीय. तिने मला विचारलं, "काका, बाबा काय म्हणतात? आईला हॉस्पिटलला नेऊया का? पण लिफ्ट..."

मी म्हटलं, विचारतो.

खाली येऊन विचारलं. साटम तोवर हेडच्या वरचं झाकण काढून बसला होता. "थांब म्हणावं. वीस मिनिटं. चार जिने खुर्चीवरून उतरवायचं म्हणजे तिला अर्धा सिलिंडर तिथेच लागेल. इंजिन चालू झालं की मशीनवर घेता येईल."

त्यात चूक काही नव्हतं. मलाही ते पटलं.

गरम हेडचे बोल्ट कसायचे नसतात. त्याच्या पुठ्ठ्यावरच ते लिहिलं होतं. पण थंड व्हायला तीन तास लागले असते. मोठा पाना लावून तो एकेक बोल्ट कसत गेला. मधले दोन बोल्ट पाना लावताच जवळजवळ पाव फेरा फिरले. त्याचा हात थांबला तो मी पाहिला. मग पुन्हा पाणी भरलं. वॉचमन म्हणाला, "अंकल, रहने दो, फट जाएगा." साटमने बटण दाबलं.

लागलं. धूर होता, पण कमी. आवाज जड, पण सलग. साटमने हेडवर तळवा ठेवला, चटका बसला तरी उचलला नाही. जिन्यातले दिवे लागले. वरून रसिकाने बाल्कनीतून ओरडून सांगितलं की मशीन चालू झालं. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

मग साटमचा फोन वाजला. इंजिनाच्या आवाजात त्याला दुसऱ्या कानावर हात धरून बोलावं लागलं. मला फक्त त्याचंच ऐकू आलं.

"हां, बोल... हो, चालू आहे लिफ्ट... नको. नको गं. आता धरलंय इंजिनाने. राहू दे तिला बिछान्यात... अगं मी सांगतोय ना."

त्याने फोन खिशात ठेवला. तो समाधानी दिसत होता. मी हे लिहिताना दहा वेळा विचार केला, पण तो तसाच दिसत होता. त्याच्या हाताखाली त्याचं इंजिन पुन्हा चाललं होतं, आणि कमिटीतले दोघेजण तोवर येऊन उभे राहिले होते.

बारा मिनिटं चाललं. मग आतून दगड आपटावा तसा एकच आवाज आला आणि सगळं थांबलं. पुन्हा बटण दाबलं तर इंजिन हललंसुद्धा नाही. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी भरून ते जागच्या जागी आवळलं होतं. साटमने तरी तीनदा बटण दाबलं. मग पाना घेऊन पुन्हा वाकला. मी त्याच्या खांद्याला हात लावला. "साटम, वर चल." तो म्हणाला, "दहा मिनिटं." मी पुन्हा म्हटलं. तो पुन्हा तेच म्हणाला.

शेवटी आम्हीच वर गेलो. मी, अभिनव, दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेनचा मुलगा आणि वॉचमन. रसिकाने ॲम्ब्युलन्स बोलावली होती. प्लास्टिकच्या खुर्चीला ओढणीने गिरिजाला बांधलं आणि चौघांनी उचललं. रसिका सिलिंडर धरून बाजूने उतरत होती. जिने अरुंद, वळणावर खुर्ची तिरकी करावी लागायची, तेव्हा गिरिजा डोळे मिटून घ्यायची. दुसऱ्या मजल्यावर तिचे ओठ निळसर झाले. पहिल्या मजल्यावर सिलिंडरचा काटा शून्याला टेकला. तिने एकदा माझ्याकडे पाहून विचारलं, "हे कुठे आहेत?" मी म्हटलं, "खाली आहेत, येतायत."

तो आला. हातात पाना तसाच. अंगभर तेल आणि गंजलेलं पाणी. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना त्याला कोणीतरी पाना ठेवायला सांगितलं.

हॉस्पिटलमध्ये तिला कृत्रिम श्वासावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

नंतरचे दिवस सोसायटीत फार वाईट गेले. लोकांना कोणाला तरी दोषी धरायचं होतं, आणि अभिनव समोर होता. शनिवारी इंजिन चालवू दिलं नाही, म्हातारीचा जीव घेतला, असं लोक उघड बोलायला लागले. ज्यांनी हात वर केले होते तेच बोलत होते. त्याच्या बायकोशी कोणी बोलेना. साटमला हे सगळं ऐकू येत होतं. ज्यांनी त्याच्यासमोर अभिनवला शिव्या दिल्या त्यांच्यासमोरही गप्प बसून राहायचा.

तेरावं झाल्यावर दोन दिवसांनी त्याने हेन्रीला बोलावलं आणि दोघांनी मिळून हेड उतरवलं. मी तिथे होतो. हेन्रीने बोल्ट काढताना एक-एक बघितला. हेड उलटं करून शेडच्या लादीवर ठेवलं. त्या सुरेख घासलेल्या पृष्ठभागावर, मधल्या दोन खळग्यांच्या मध्ये, बोटभर जागेत जळल्याची काळी रेघ होती. गॅस्केट तिथे खाल्ली गेली होती.

हेन्रीने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे शनिवारचं न्हाय रे, ईश्वर."

"माहीत आहे," साटम म्हणाला.

"दुसऱ्यांदा कसलं नव्हतंस?"

"नाही."

हेन्रीने हात पुसले, साटमच्या पाठीवर एकदा हात ठेवला आणि रिक्षा धरून गेला.

त्याच आठवड्यात अभिनव माझ्याकडे आला. म्हणाला, काका, मला साटमकाकांकडे जायचंय, एकट्याने जायची हिंमत नाही. मी त्याला वर घेऊन गेलो. रसिकाने दार उघडलं, आम्हाला बसायला सांगितलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. साटम खुर्चीत बसला होता. पलंग भिंतीला टेकवून उभा केला होता, मशीन परत गेलं होतं.

अभिनवने बोलायला सुरुवात केली आणि त्याला रडूच कोसळलं. "काका, माझ्यामुळे झालं. मी ऐकायला पाहिजे होतं तुमचं. मला झोप लागत नाही काका."

साटम त्याच्याकडे पाहत होता. मला वाटतं त्याने तेव्हा गप्प राहायचं ठरवलं असतं तर जन्मभर कोणाला कळलं नसतं. हेन्री बोलणारा नव्हता, आणि मीही नव्हतो.

"तुझ्यामुळे नाही," साटम म्हणाला. "शनिवारी चालवलं असतं तरी हेच झालं असतं. बोल्ट सैल होते. वीस तासांना कसायचे होते, ते माझं काम होतं. मला माहीत होतं. मी रोज मीटर बघत होतो."

अभिनवला कळलं नाही. "पण किल्ली तर आम्ही..."

"किल्ली मी ठेवली टेबलावर. तू मागितली नव्हतीस. मी म्हणालो असतो की मला अर्धा तास द्या, तर तू नाही म्हणाला असतास का?"

"नाही काका."

"मग झालं तर. लोकांना सांगतो मी. तुझ्या बायकोला सांग, रडू नको म्हणावं."

अभिनव वाकून त्याच्या पाया पडायला गेला. साटमने त्याला धरून उभं केलं. एव्हाना रसिका चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ट्रे तिने टीपॉयवर ठेवला, कप सरळ केले. मग वडिलांकडे पाहून विचारलं,

"आणि लिफ्ट, बाबा?"



"मी फोन केला होता तुम्हाला. लिफ्ट चालू आहे, आईला खाली आणते म्हटलं. मी चप्पल घालून दारात उभी होते. तिला उठवून बसवलं होतं. बारा मिनिटं होती आपल्याकडे. तुम्ही नको म्हणालात." तिचा आवाज चढला नाही. "बोल्टचं मला कळत नाही. हे मला कळतं."

साटम म्हणाला, "मला वाटलं, धरलंय त्याने."

"हो," रसिका म्हणाली. "मलाही वाटलं, तुम्ही म्हणताय म्हणजे खरं असेल. मी ऐकलं तुमचं."

ती आत गेली. आम्ही चहा न घेताच उठलो. जिन्यात अभिनव मला म्हणाला, "काका, हे मी कुणाला नाही सांगणार." मी म्हटलं, बरं.

पुढच्या मीटिंगमध्ये साटम सगळ्यांसमोर उभा राहिला आणि बोल्टचं सांगितलं. पोरगा निर्दोष आहे, चूक माझी आहे, असं स्पष्ट म्हणाला. लोकांनी ऐकून घेतलं. काहींना तो मोठेपणा वाटला, उलट साटमचंच कौतुक झालं, आणि त्याला ते सहन झालं नाही. तो मध्येच उठून गेला. लिफ्टचं मात्र त्याने सांगितलं नाही. मीही आज पहिल्यांदाच सांगतोय, आणि तेही त्याला विचारून. "लिही," म्हणाला. "पण रसिकाला दोष येईल असं काही लिहू नको."

रसिका जूनमध्ये नाशिकला परत गेली. जाताना म्हणाली, बाबा, तुम्ही तिकडे चला. त्याने नाही म्हटलं. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. वर्षश्राद्धाला आली तेव्हा दोन दिवस राहिली. आईच्या साड्या बघितल्या, तीन स्वतःला ठेवल्या, बाकीच्या हंसाबेनकडे दिल्या. बाप-लेक एकत्र जेवले. भांडण झालं नाही. मी वर गेलो होतो तेव्हा दोघं टीव्हीसमोर बसले होते आणि टीव्हीचा आवाज बंद होता.

सोसायटीने नवा जनरेटर घेतला. बंद पेटीत असतो, आवाज फारसा येत नाही, वीज गेली की आपोआप चालू होतो. कंपनीचा माणूस तीन महिन्यांनी येऊन बघून जातो. जुनं इंजिन भंगारवाल्याने टेम्पोत चढवलं तेव्हा साटम कामावर गेला होता. ते हेड तेवढं त्याने आधीच वेगळं काढलं होतं. ते काशीगावच्या वर्कशॉपवर नेऊन त्याने घणाने फोडलं, असं हेन्री सांगतो. ओतीव लोखंड ते, सहज फुटत नाही. त्याला सबंध दुपार लागली आणि कोणी त्याला थांबवायला गेलं नाही.

तो अजून वर्कशॉपवर जातो. हेड घेत नाही. मालकाने दोनदा समजावलं, मग नाद सोडला. आता तो बाकीच्यांनी उघडलेले भाग डिझेलमध्ये धुऊन मांडून ठेवतो, आणि दुपारी तीनलाच घरी येतो. मध्यंतरी मी त्याला विचारलं, रसिकाशी यावर कधी बोललास का? माफी वगैरे?

"काय बोलू?" तो म्हणाला. "ती विचारत नाही."

"तू सांग ना."

"पोस्टमास्तर, ती दर रविवारी फोन करते. जेवलात का विचारते. मी हो म्हणतो. मग ती म्हणते, बरं, ठेवते. तेवढं तरी चालू आहे. मी काही बोललो आणि तेही बंद झालं, तर?"

त्याने बाल्कनीतून आत जाऊन भाताचा कुकर लावला.